धुतलेला कचरा

पुकारुमी नगरपालिकेचे पर्यावरण अधिकारी आबेल मायवा यांना आपल्या गावचा कचरा मोजायचा होता. गावची कचरागाडी पहिल्याच फेरीला उतारावर ब्रेक गेल्यापासून बाजारामागे उभी होती आणि तिच्यात आता कोंबड्या अंडी घालत होत्या. नवी गाडी मिळणार होती, पण प्रांताच्या कार्यालयाला आधी पुरावा हवा होता. चिठ्ठ्या टाकून घरं निवडायची, आठवडाभर त्यांचा कचरा गोळा करायचा, तो ताडपत्रीवर ओतून निवडायचा आणि वजन करायचं. कचरा भरपूर निघाला तर गाडी, नाहीतर कोंबड्या.

आबेलनं गावसभेत हे सगळं नीट समजावून सांगितलं. कारभार पारदर्शक असावा म्हणून पिशव्या फुटबॉलच्या मैदानावर, सगळ्यांच्या समोर उघडल्या जातील, हेही त्यानं अभिमानानं सांगितलं. बाजारात सूप विकणाऱ्या डोमितिला याउरी यांनी एकच शंका काढली.

"पिशवीवर घराचा नंबर असणार?"

"हो मावशी."

"तोच नंबर तू माझ्या दारावर चिकटवलायस?"

"म्हणजे घोळ होणार नाही."

घोळ तिथूनच सुरू झाला.

पहिल्या दिवशीच्या पिशव्या पिसासारख्या हलक्या होत्या. आत दुधाचे रिकामे डबे होते, राखेनं घासून लख्ख केलेले. प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन, दोरीवर वाळवून, घड्या घालून ठेवल्या होत्या. ज्या खोऱ्यात माणसं तिन्ही त्रिकाळ बटाटे खातात, तिथल्या एकाही घरातून बटाट्याचं साल आलं नव्हतं. आबेल तडक सूपच्या गाड्यावर गेला.

"मावशी, सालं कुठं गेली?"

"चुलीमागं पाळलेल्या गिनीपिगांनी खाल्ली."

"हाडं?"

"कुत्र्यानं."

"मग कचऱ्यात राहिलं काय?"

"दुधाचे डबे. ते दिलेत की घासून. अरे, तुझी आई माझ्याकडे येते तेव्हा चुलीच्या कडेवरून बोट फिरवून बघते. तिच्यासमोर मी बरबटलेला डबा उघडू होय?"

आबेलनं डोक्याला हात लावला. कचरा कमी भरला तर गाडी येणार नाही, हे त्यानं तिला आणि मग बाजारातल्या प्रत्येक बाईला पुन्हा सांगितलं. या वेळी ते पटलं. बायकांनी आपापसात बैठक घेतली. आबेलला बोलावलं नाही.

त्यानंतर पिशव्या फुगू लागल्या. डोमितिलाबाईंची बहीण राजधानी लिमात एका बड्या घरी स्वयंपाकाला होती. तिनं रात्रीच्या बसनं एक खोकं पाठवलं. त्यात दारूच्या परदेशी बाटल्या, सॅमन माशाचे डबे आणि अत्तराची वेष्टनं होती. ते मैदानावर ओतलं गेल्यावर शेजारणींना गप्प बसवेना. प्रत्येकीचं कुणी ना कुणी लिमात होतंच. खाली लिमाला बटाटे घेऊन गेलेली पोती वर येताना पिझ्झाची खोकी घेऊन येऊ लागली. ज्या घरातलं धाकटं पोर तिशी ओलांडून गेलं होतं, त्या घरातून लहान बाळाच्या लंगोटांची पाकिटं आली. आबेलच्या लक्षात सगळं आलं, पण काटा आता गाडीपुरतं वजन दाखवत होता आणि काटा खोटं बोलत नव्हता. तो वजनं वहीत लिहीत गेला.

शेवटच्या दिवशी प्रांताकडून इंजिनिअर नोएमी साल्दान्या आल्या. ढिगाभोवती एक फेरी मारून त्यांनी सॅमनचा डबा उचलला, वास घेतला आणि खाली ठेवला.

"गावात पिझ्झाचं दुकान आहे?"

"नाही," आबेल म्हणाला. "लोक हौशी आहेत."

बाईंनी आकडेमोड केली. या हिशेबानं पुकारुमीची राहणी राजधानीतल्या उच्चभ्रू वस्तीच्या वरची होती. इतक्या सुखवस्तू गावानं गाडी स्वतः घ्यावी, असं त्या शांतपणे म्हणाल्या. शिवाय सरकारकडून घरोघरी फुकट वाटल्या जाणाऱ्या दुधाचाही फेरविचार करावा लागेल. दुधाचं नाव निघताच डोमितिलाबाई पुढं झाल्या.

"बाई, हा कचरा आमचा नाही."

"मग तुमचा कुठं आहे?"

"आमच्याकडं नसतो."

नोएमीबाईंचा विश्वास बसेना, म्हणून घरं बघायचं ठरलं. घरोघरी सूप आणि चीज खात त्या फिरल्या. चुलीमागं डोकावल्या तर गिनीपिग त्यांच्याकडं बघत होते. एका घरी त्यांनी संत्रं खाल्लं आणि साल टाकायला जागा शोधू लागल्या, तोवर डोमितिलाबाईंनी ते हातातून घेऊन डुकरापुढं टाकलंही होतं. नोएमीबाईंनी पेन बंद केलं.

"मायवा, खरं सांगायचं तर असं गाव मी पाहिलं नाही. पण इथं गाडी देऊन तिनं उचलायचं काय?"

सगळे मैदानावर परतले. तिथं रविवारच्या सामन्याचे दोन्ही संघ येऊन ढिगापाशी कमरेवर हात ठेवून उभे होते. हे कोण उचलणार, असं त्यांच्यातला एक कप्तान विचारत होता. डुक्कर पिझ्झाच्या खोक्याला तोंड लावत नव्हतं आणि शेतात बाटल्या पुरायला कुणी तयार नव्हतं. गावानं आजवर कचरा टाकलेला नसल्यानं तो टाकतात कुठं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात लिमाची बस आली. ड्रायव्हर टपावर चढून एकामागून एक पोती खाली सोडू लागला.

"आता पुरे झालं म्हणावं त्यांना," डोमितिलाबाई म्हणाल्या.

"सांगितलं की, मावशी. पण तुमच्या बहिणीनं गल्लीभर सांगून ठेवलंय. तिकडं कचरा उचलायला पैसे पडतात, इथं तुम्ही आवडीनं घेता. पुढच्या आठवड्यात थोडा जास्त चालेल का, असं विचारतायत."

नोएमीबाईंनी पोत्यांकडं पाहिलं, ढिगाकडं पाहिलं, फुटबॉलवाल्यांकडं पाहिलं आणि पेन पुन्हा उघडलं. 'गावात निर्माण होणारा कचरा: नगण्य. बाहेरून होणारी आवक: वाढती. गाडी तातडीनं द्यावी,' असं लिहून त्यांनी सही केली.

पुकारुमीकडं आता प्रांतातली सगळ्यात नवी कचरागाडी आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी ती बसथांब्यावरून भरून निघते आणि गावातून न थांबता जाते. बायका दारात उभ्या राहून तिच्याकडं कौतुकानं बघतात. तिच्यात टाकायला त्यांच्याकडं काही नसतं.