डहीच्या बायकांचं ऊन

मराठीच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही! आमचे पणजोबा देवासच्या दरबारात कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले. पण आमच्या घरात आजही वडिलांच्या बहिणीला आत्याच म्हणतात. 'बुआ' म्हटलं की आमच्या हिला जेवायला वाढायची बंदी आहे. (ही बंदी मी घातली आहे. ती पाळली जाते असं मी म्हटलेलं नाही.)

तोच नियम मी बँकेतही लावला. आमची माळवा मित्र सहकारी बँक म्हणजे देवास आणि धारमधल्या मराठी मंडळींनी उभी केलेली बँक. आता तिथं मराठी फक्त दाराच्या पाटीवर आणि गणपतीच्या आरतीत उरली होती. मुख्य व्यवस्थापक झाल्यावर पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना जमवलं आणि जाहीर केलं, "गिऱ्हाईकाशी काय हवं ते बोला, पण माझ्याशी मराठीतच बोलायचं!"

शिपायानं विचारलं, "भिया, छुट्टी मांगनी हो तो भी?"

"रजा!" मी गरजलो. त्या वर्षी कुणी फारशा रजा मागितल्या नाहीत.

सगळ्यांत जास्त हाल झाले ते जान्हवीचे. जान्हवी म्हणजे आमच्या धर्मादाय निधीचं काम बघणारी मुलगी. तिचे वडील जळगावकडून देवासच्या कारखान्यात नोकरीला आले, ही इथं जन्मली आणि हिंदी शाळेत शिकली. पोरगी हुशार, कामाला वाघ! पण मराठी बोलायला लागली की ओल्या फरशीवरून चालल्यासारखी चालायची. प्रत्येक शब्दापुढे थांबायची, माझ्या तोंडाकडे बघायची आणि मग पाय टाकायची.

तर ऑक्टोबरमध्ये ही जान्हवी माझ्या खोलीत आली.

"सर, डहीहून फोन होता. नर्मदाबाईंचा. त्यांचा बायकांचा बचत गट आहे ना, वसतिगृहाजवळ? त्यांना ऊनची फार अडचण आहे."

"ऊनची नाही जान्हवी. उन्हाची."

"सॉरी सर. उन्हाची." तिनं दोनदा पुटपुटून घोटून घेतलं. "उन्हाची फार अडचण आहे. वसतिगृहाच्या मुलींसाठी पाहिजे म्हणाल्या… म्हणजे, मुलींसाठी मदत पाहिजे. थंडीच्या आधी करा म्हणतात."

"साहजिकच आहे! थंडी आली की ऊन आपोआप कमी होणार!"

जान्हवी जरा गोंधळली. पण मी मराठीत काहीही बोललो तरी ती जरा गोंधळायचीच. म्हणून मी लक्ष दिलं नाही.

आता डही म्हणजे धार जिल्ह्याचं पार दक्षिणेचं टोक. निमाडचं ऊन! ऑक्टोबरातसुद्धा तिथं कावळा सावली शोधत पायी चालतो. माझ्या डोळ्यांपुढे त्या घामेजलेल्या मुली उभ्या राहिल्या आणि मला उपाय सुचला. कूलर! चांगले मोठे, वाळ्याच्या ताट्यांचे, लोखंडी कूलर!

दिवाळी झाल्यावर संचालक मंडळापुढे मी प्रस्ताव ठेवला. नाव दिलं 'उष्मानिवारण साहित्य'. आमचे अध्यक्ष उदाजीराव धारला राहतात. ऐंशीच्या घरातले, रुबाबदार, आणि एकदा बोलायला उभे राहिले की लोकांनीच बसून घ्यावं असे.

"सुभाषराव," ते म्हणाले, "आमचे आजोबा कुक्षीला अंमलदार होते. ते सांगायचे, तिकडच्या उन्हात डोक्यावर पापड ठेवला तर भाजून निघतो! मंजूर!" आणि लगेच पुढे म्हणाले, "पण काय देणार ते कुणाला सांगू नका. मी स्वतः पडदा ओढणार!"

मी बाहेर येऊन जान्हवीला म्हटलं, "नर्मदाबाईंना कळव, त्यांच्या उन्हाचा बंदोबस्त झाला!"

तिनं माझ्यासमोरच फोन लावला. "नर्मदाबाई, आपके ऊन का इंतजाम हो गया!" पलीकडे एवढा आनंद उसळला की तो मला माझ्या खुर्चीत ऐकू आला. जान्हवीनं फोनवर हात ठेवून विचारलं, "सर, रंग कोणता येणार?"

या बायका रंगसुद्धा विचारतात, याचं मला कौतुक वाटलं. "राखाडी."

"राखाडी म्हणजे?"

"ग्रे!" नाइलाजानं मी नियम मोडला.

"त्या म्हणतात चालेल. मळणार नाही. पण जाड पाहिजे म्हणतात."

"जाड नव्हे गं, मोठं! मोठ्यातलं मोठं घेतोय म्हणावं."

तिनं काय सांगितलं देव जाणे. पलीकडे पुन्हा आनंदीआनंद!

कूलरवाल्यानं मात्र मला आपादमस्तक न्याहाळलं. "भिया, दिवाली के बाद कूलर? घर में सब ठीक तो है?" घरीही तोच सूर. ही म्हणाली, "अहो, थंडीत कूलर कोण वाटतं?" मी म्हणालो, "दूरदृष्टी म्हणून काही असते की नाही?" ती म्हणाली, "असते. पण तुम्हाला चष्मा आहे." मी दुर्लक्ष केलं.

उदाजीरावांना सोयीची तारीख सापडेना. डिसेंबर उजाडला. जान्हवी एकदा दारात येऊन उभी राहिली.

"सर, नर्मदाबाईंचा रोज फोन येतो. कधी येणार विचारतात. तिकडे फार थंडी पडलीय."

"थंडी पडलीय ना? मग घाई कसली!"

एखाद्या खाटकाकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे पाहिलं! नंतर दिवसभर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मराठीत नाही आणि हिंदीतही नाही. मला वाटलं, पोरगी हळवी आहे, कामाचा ताण आला असेल. तेव्हा मी तिला नुसतं 'का गं?' एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. दोन अक्षरं! मराठीच होती. पण नाही विचारलं.

अखेर जानेवारीतली तारीख ठरली. नेमकी त्याच आठवड्यात थंडीची लाट आली. आम्ही पहाटेच निघालो. पुढे मोटारीत मी आणि जान्हवी, मागे टेम्पोत कापडानं झाकलेले कूलर. धारला उदाजीरावांना घेतलं. ते कोट, मफलर, कानटोपी आणि वर शाल अशा थाटात होते. फक्त नाक आणि भाषणाचा कागद तेवढा बाहेर होता.

डहीला पोचलो तर वसतिगृहाच्या अंगणात सगळं गाव जमलेलं! मुलींनी कागदी फुलांची कमान केली होती. एका बाजूला नर्मदाबाईंच्या गटातल्या बायका रांगेत बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर रिकामी टोपली आणि हातात विणकामाच्या सुया. मला वाटलं, किती कष्टाळू बायका! समारंभालासुद्धा काम घेऊन आल्यात!

सगळ्यांत पुढे मुली. पातळ गणवेश, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या, आणि हाताची घडी. संस्कारांची घडी असेल असं मी समजलो. ती थंडीची होती.

उदाजीरावांनी पडदा ओढला. राखाडी कूलरची रांग उन्हात चकाकली. टाळ्या वाजवायला हात वर झाले आणि तिथंच थांबले.

"चालू करा!" उदाजीराव म्हणाले.

आणि इथं माझ्या व्यवस्थितपणानं घात केला! मी आधीच माणूस पाठवून सगळ्या कूलरमध्ये पाणी भरून घेतलं होतं. विहिरीचं! बटण दाबताच सगळे कूलर एकदम डरकाळी फोडून सुटले. कागदी कमान उडाली. उदाजीरावांची कानटोपी उडाली. पहिल्या रांगेतल्या मुलींच्या तोंडावर बर्फासारखे तुषार गेले. पण एकही मुलगी जागची हलली नाही. फोटो होईपर्यंत हलायचं नाही असं वसतिगृहाच्या बाईंनी बजावलं होतं ना!

"कसं गार वाटतंय, मुलींनो?" उदाजीरावांनी विचारलं.

"अच्… छा… जीऽऽ!" दातांच्या तालावर उत्तर आलं.

उदाजीराव खूश! त्यांनी कागद उलगडला आणि निमाडच्या उन्हावर बोलायला सुरुवात केली.

तेवढ्यात नर्मदाबाई माझ्याजवळ आल्या. साठीच्या, बारीक अंगाच्या, डोक्यावर पदर. त्यांनी कूलरच्या बाजूच्या ताटीत हळूच बोटं घातली, ओलं गवत चाचपलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "साहब, ये तो घास है. ऊन इसके अंदर है क्या?"

"अंदर कैसे होगा?" मी हसत म्हणालो. "बाई, ये तो धूप से बचाने के लिए है!"

"धूप से?" त्यांनी वर पाहिलं. वरचं कोवळं ऊन अंगावर घेण्यासाठी सगळं गाव भिंतीच्या कडेला सरकत होतं. "साहब, ऊन बोला था हमने. ऊन. स्वेटर बुनने का."

मी रांगेतल्या रिकाम्या टोपल्यांकडे आणि विणकामाच्या सुयांकडे पुन्हा एकदा पाहिलं.

मी मागे वळलो. जान्हवी पांढरीफटक पडली होती. "सर, मी तर ऊनच म्हटलं होतं. तुम्हीच म्हणालात, उन्हाची म्हण."

"अगं, त्याला लोकर म्हणतात! लोकर!"

"लोकर म्हणजे काय?" तिनं रडवेल्या आवाजात विचारलं.

"आणि ऊन म्हणजे धूप! तुला माहीत नाही?"

"आमच्या घरी धूपच म्हणतात, सर."

"पण मंजुरीच्या कागदावर मी स्पष्ट लिहिलं होतं, उष्मानिवारण!"

"मी वाचलं ना. 'उष्मा' वाचलं. मला वाटलं, गरम कपड्यांचंच काहीतरी."

हिंदीत उष्मा म्हणजे ऊब. त्या हिशेबानं पोरगी बरोबर होती!

मी धावत जाऊन कूलर बंद केले. त्याच तारेवर माइक होता, तोही गेला. "कोण आहे रे तिकडे? चालू करा!" उदाजीराव ओरडले. कुणीतरी आज्ञाधारकपणे पुन्हा बटण दाबलं. पुन्हा डरकाळी! मी पुन्हा धावलो. असं तीनदा झालं. शेवटी मी वायरच उपटली आणि उदाजीरावांच्या कानात सगळा प्रकार सांगितला.

त्यांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला. मग त्यांनी स्वतःच्या खांद्यावरची शाल काढली आणि पहिल्या रांगेतल्या सगळ्यांत लहान मुलीला गुंडाळली. पाहुण्यांच्या सत्कारासाठी आणलेल्या शाली माझ्याकडे होत्या. त्या मी वाटल्या, जान्हवीनं स्वतःचा स्वेटर उतरवून दिला, मी माझा दिला. एकेका शालीत तीन-तीन मुली शिरल्या. तरी पुरलं नाही. पाहुण्यांच्या हातात नुसते नारळ उरले.

आता हसायचं तेवढं हसून झालं असेल तर पुढचं सांगतो.

त्या वसतिगृहानं मुलींच्या स्वेटरचं काम नर्मदाबाईंच्या गटाला दिलं होतं. गटाचं ते पहिलंच मोठं काम. "ऊन का इंतजाम हो गया" ऐकल्यावर बायकांनी हिवाळ्यातली दुसरी कामं सोडली आणि आमची वाट बघत बसल्या. मुलीही बसल्या. कुणाला वाटलं नाही की एवढी मोठी बँक, शब्द देऊन कूलर आणेल!

निधीचा नियम असा की एका संस्थेला वर्षातून एकदाच मदत मिळते. म्हणून मी आणि उदाजीरावांनी पदरमोड करून इंदूरहून लोकर आणली. जाड. राखाडी नाही, लाल. मी आणि जान्हवी ती घेऊन डहीला गेलो. तोवर वसतिगृहानं थांबणं शक्य नाही म्हणून बाजारातून तयार स्वेटर घेतले होते. काम गटाच्या हातून गेलं होतं. मी वसतिगृहाच्या बाईंना पुष्कळ विनवलं. त्या म्हणाल्या, "पोरी खोकत होत्या हो साहेब. किती थांबायचं?"

लाल लोकर आम्ही नर्मदाबाईंच्या हवाली केली आणि निघालो.

आणि कूलर? उन्हाळ्यात तरी ते कामी येतील या आशेवर मी होतो. मे महिन्यात फोन केला तर कळलं, वसतिगृहाला उन्हाळ्याची सुट्टी असते. मुली आपापल्या गावी. कूलर कुलपात.

लोकर देऊन परतताना वाटेत मी जान्हवीची माफी मागितली होती. ती म्हणाली, "जाने दो ना सर." मी टोकलं नाही. आता ती माझ्याशी जशी जमेल तशी बोलते आणि मला न समजलेलं मी दोनदा विचारतो. तिला मात्र अजून वाटतं की चूक तिचीच होती. हे तिच्या डोक्यातून काही केल्या जात नाही. कधीकधी साधं वाक्य बोलतानाही ती मध्येच थांबते, तेव्हा मला माझ्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

परवा नव्या वर्षाच्या मदतीची वेळ आली. मी स्वतः नर्मदाबाईंना फोन लावला. हिंदीत, सावकाश, शब्द मोजून विचारलं, "बाई, इस साल क्या चाहिए? जो बोलोगे वही लाऊंगा. पहले दिखाऊंगा, फिर लाऊंगा."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या मायेनं म्हणाल्या, "नहीं साहब, कुछ नहीं चाहिए. आप लोगों को बहुत तकलीफ होती है."

मी फोन ठेवला आणि उदाजीरावांना कळवलं. ते खाकरून म्हणाले, "सुभाषराव, अहवालात काहीतरी लिहावं लागेल ना? असं लिहा, डहीचा गट आपल्या मदतीनं स्वयंपूर्ण झाल्यामुळे त्यांनी यंदा मदत घेण्यास नम्रपणे नकार दिला."

वाक्य मराठी म्हणून अगदी निर्दोष आहे. फक्त माझ्या हातून ते अजून लिहून होत नाही.