बिनपट्ट्याचं खोगीर

"पोटाखाली पट्टा न्हाई, दोर न्हाई, कायबी न्हाई. नुसतं वर ठेवायचं म्हणं. घोडी हाय का चौरंग?"

तानाजी घोडेवाला हे कोणाला उद्देशून बोलत नव्हता. आपल्या पांढऱ्या घोडीच्या, म्हणजे चंद्रीच्या कानाशी तोंड नेऊन तो पुटपुटत होता. पण येसूबाई भिजवलेल्या हरभऱ्याची पाटी घेऊन घोडीच्या पलीकडच्या अंगाला उभ्या होत्या, त्यामुळे ते जसंच्या तसं त्यांच्याही कानात पडलं.

"हळू बोल, तानाजी. पाव्हण्यानं भेट आणलंय खोगीर."

"त्यास्नी मराठी कुठं कळतंय, काकी?"

"तोंड कळतंय की. दात काढल्यासारखं नको करू."

पाहुणा म्हणजे हंगेरीचे लास्लो. त्यांची लेक इलोना आणि येसूबाईंचा ऋषिराज बुडापेस्टला एका ऑफिसात कामाला. लग्न दोघांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. आता दोघांच्या बापांनी एकमेकांना पसंत करायचं तेवढं राहिलं होतं, म्हणून लेकीला घेऊन लास्लो थेट मेढ्याजवळच्या या वाडीत उतरले होते. एरवी या घरात मुली बघायला माणसं बसायची, कांदेपोहे व्हायचे. या खेपेला येसूबाईंनी पोहे केले ते व्याही बघायला.

लास्लोंचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिकडच्या मोठ्या माळरानावर घोड्यांचे कळप राखणारं. आता त्याच माळावर ते सुट्टीवाल्या लोकांना घोडेस्वारीसाठी ठेवून घेत. अख्ख्या युरोपातून माणसं येत. ऋषिराजनं फोनवर आधीच बजावलं होतं, "आई, त्यांच्यात माणूस घोड्यावर कसा बसतो ते आधी बघतात. बाकीचं मागनं."

आणि इथंच घोटाळा झाला होता. पहिल्या व्हिडिओ कॉलला येसूबाईंचे यजमान, निवृत्त सुभेदार आप्पासाहेब सोप्यात बसले होते, आणि त्यांच्या डोक्यामागं त्यांचाच फोटो होता: महाबळेश्वरला, नवीन लग्न झालेलं, घोड्यावर ताठ बसलेले. लास्लोंना तो दिसला. ते बरंच काही बोलले.

"विचारतायत, तुमच्याकडं घोडे असतात का," ऋषिराज म्हणाला.

आप्पासाहेबांनी बर्फातल्या चौक्यांवर थंड्या काढल्या होत्या, गोळीबार ऐकत भाकरी खाल्ली होती. पण फोनमध्ये बघितल्यावर माणसाचं काहीतरी होतं. ते म्हणाले, "म्हणावं, आमच्या रक्तातच हाय घोडं."

त्या फोटोत लगाम धरलेला एक हात दिसतो. हातामागचा माणूस फ्रेमवाल्यानं कापला होता. हात कापावा तर लगामही जात होता, म्हणून तो राहिला. त्या हाताचा मालक येसूबाईंनी पाहिला होता. फोटो झाल्यावर त्यानं नवरदेवाला पाठुंगळी घेऊन खाली उतरवलं होतं, तेही पाहिलं होतं. परतीच्या एसटीत आप्पासाहेब बराच वेळ आभाळाकडं बघत बसले आणि मग म्हणाले, "घोडं आजारी दिसत हुतं." येसूबाई "व्हय" म्हणाल्या. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. संसारात असे एकदोन विषय विरजणासारखे असतात. झाकून ठेवायचे आणि हलवायचे नाहीत.

तर आता घोडी पाहिजे होती. रहिमतपूरच्या तानाजीची चंद्री त्या दिवशी वाडीतच राजेश्वरीच्या लेकीच्या लग्नाला, नवरदेवाच्या परण्यासाठी, म्हणजे मांडवापर्यंतच्या मिरवणुकीसाठी ठरली होती. "सकाळी लौकर ये, घटकाभर आमच्या दारात उभी कर," असं आप्पासाहेबांनी त्याला गाठून सांगितलं होतं. लग्नाची म्हणून चंद्रीच्या शेपटीला मेंदी लावलेली होती. लास्लोंना वाटलं, इकडची जातच अशी. त्यांनी त्या शेपटीचा आदरानं फोटो घेतला. लांबून.

ते स्वतःही सजूनच आले होते. घेरदार निळी विजार, तसाच सदरा, डोक्यावर काळी टोपी, हातात आखूड लाकडी मुठीचा लांबलचक आसूड. विजारीला कापड किती लागलं असेल, हा हिशेब येसूबाईंच्या मनात सकाळपासून चालला होता.

"इलोनाचे पप्पा म्हणतात," ऋषिराज सांगू लागला, "पूर्वी माळावर धोका आला तर पट्टा आवळत बसायला वेळ नसायचा. म्हणून खोगीर नुसतं टाकायचं आणि उडी मारून बसायचं. हे खास व्याह्यांसाठी."

आप्पासाहेबांनी खोगिराकडं बघितलं. मग खोगिराच्या खाली बघितलं. तिथं खरंच काही नव्हतं.

"लय भारी," ते म्हणाले. "पण पाव्हण्याचा मान पयला. बसा म्हणावं."

लास्लोंनी छातीवर हात ठेवला. मान घरच्या यजमानाचा, असं त्यांचं म्हणणं आलं.

"छ्या छ्या, आमच्यात असं चालत न्हाई."

त्यांच्यातही चालत नव्हतं. ऋषिराज दोन्हीकडचा आग्रह इकडून तिकडं वाहून दमला. चंद्रीनं तेवढ्यात नाकातून फुर्र केलं. तसे लास्लो दोन पावलं मागं सरले आणि आभाळाकडं बघू लागले. येसूबाईंना वाटलं, हे असं बघणं आपण कुठंतरी पाहिलंय. पण कुकरची शिट्टी झाली आणि ते तेवढ्यावरच राहिलं.

त्या आत जाऊन आल्या तोवर लास्लोंनी वाट काढली होती. बसण्याआधी त्यांना आसूड वाजवून दाखवायचा होता. त्यांच्या माळावर घोडी या आवाजाला सरावलेली असतात. कुठं बुजू नयेत म्हणून शिकवतात. त्यांनी हात फिरवला. असा कडाका निघाला की पोतराज आला समजून शेजारची म्हातारी सुपात दाणे घेऊन बाहेर आली.

चंद्रीनं कानसुद्धा हलवला नाही. पायाखाली फटाक्यांच्या माळा वाजत असताना नवरदेव वाहणारी ती. तिला काय त्याचं.

लास्लो बघत राहिले. "एवढं शिकवायला आमची वर्षं जातात, म्हणतायत," ऋषिराज म्हणाला.

"आमच्यात शिकवावं लागत न्हाई," आप्पासाहेब म्हणाले. हे त्यांनी म्हणायला नको होतं, कारण लास्लोंचे डोळे भरून आले आणि अशा घोडीचा धनी तिच्यावर बसलेला बघितल्याशिवाय आपण पोह्यांना हात लावणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

आता तोंड लपवायला जागा नव्हती. आप्पासाहेब ओट्यावर चढले. तानाजीच्या कानाशी म्हणाले, "खालनं कायतरी बांध की रं."

"पाव्हणा बघतोय, सायेब."

येसूबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. एक शब्द बोललं की सुटका होती. पण शेजारी ऋषिराज उभा होता, आणि लहानपणी परीक्षेचा निकाल ऐकताना व्हायचा तसा त्याचा चेहरा झाला होता. त्यांनी पाटी या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. आप्पासाहेब डोळे मिटून ओट्यावरून खोगिरावर सरकले.

ते बसले. पडले नाहीत. लास्लोंनी आनंदानं टाचा जुळवून सलाम ठोकला. सुभेदारांचा हात सवयीनं कपाळाला गेला. आणि लास्लोंनी मानवंदना म्हणून दुसऱ्यांदा आसूड वाजवला.

दोन गल्ल्या पलीकडं राजेश्वरीच्या मांडवात हलगीवाला आकाराम नुकताच येऊन तयारीत बसला होता. पाहुणे वेशीत आले की फटाका वाजेल, मग सुरू करायचं, असं त्याला सांगितलेलं. त्यानं कडाका ऐकला आणि हलगीवर टिपरी टाकली.

चंद्रीचे कान उभे राहिले. तिला कामावर बोलावलं होतं.

दोन पावलं पुढं, एक मागं, जागच्या जागी ठुमका, परत दोन पुढं. तानाजी लगाम धरून म्हणत होता, "हो, हो, थांब बये." पण चंद्री त्यालाच ओढत निघाली. आप्पासाहेबांचा डावा हात आयाळीत रुतला होता. उजवा कपाळाला सलामात होता आणि तो खाली आणायची त्यांची हिंमत नव्हती, कारण खोगिराचा तोल आता त्याच्यावर होता. वाडीतली माणसं दारात आली. सुभेदार सलाम करतायत म्हटल्यावर कोणी रामराम केला, एका माजी फौजीनं तंबाखू टाकून उलट सलाम केला. मागं लास्लो. ही मिरवणूक आपल्या स्वागताची आहे असं समजून ते दोन्ही बाजूंना टोपी काढून अभिवादन करत होते. त्यांच्यामागं इलोना, ऋषिराज, आणि पाटी हातातच राहिलेल्या येसूबाई.

मांडवाच्या दारात चंद्री थांबली. राजेश्वरी निरांजन पेटवलेलं ताट घेऊन पुढं आली, तिनं भाकरीचा तुकडा ओवाळायला हात उचलला, आणि वर बघितलं.

"आप्पासाहेब, तुमी?"

"व्हय."

"उतरताय न्हवं?"

"उतरतो की. गडबड काय हाय?"

कोणी चंद्रीला गूळ-हरभरे चारले. तिनं खाल्ले आणि तशीच उभी राहिली. वरचा माणूस उतरेपर्यंत मांडवाचं दार सोडायचं नाही, हे तिचं शिक्षण पक्कं होतं. तेवढ्यात खरा फटाका वाजला आणि वाईहून आलेला नवरदेव शंभूराज घोडी कुठं दिसेना म्हणून मारुतीच्या देवळापासून फेटा सावरत चालत आला.

"माझी घोडी?" तो म्हणाला.

सगळे इकडंतिकडं बघू लागले. मुहूर्त जवळ आला होता. भटजी घड्याळ बघत होते.

"आप्पासाहेब पाहणी करत्यात," कोणीतरी म्हणालं.

"डावीकडची कनात ढिली हाय," वरून बारीक आवाजात आप्पासाहेब म्हणाले.

"हाय खरी," आकारामनं हलगी थांबवून कनातीकडं बघितलं. ती चांगली ताणलेली होती.

"पप्पा म्हणतायत," ऋषिराजनं सांगितलं, "बिनपट्ट्याच्या खोगिरावर इतकं स्थिर बसलेला माणूस त्यांनी पाहिला नाही." आप्पासाहेबांच्या कानशिलावरून घाम ओघळला. "पप्पांनाच म्हणतो जरा हात द्यायला. व्याह्यांनी व्याह्याला उतरवलेलं बरं दिसेल."

त्यानं तसं सांगितलं. चंद्रीनं मान वळवून लास्लोंकडं बघितलं. लास्लो दोन पावलं मागं सरले. आणि आभाळाकडं बघू लागले.

येसूबाईंच्या डोळ्यांपुढं घाटातली एसटी उभी राहिली, खिडकीची जागा आणि तिथं बसलेला नवीन नवरा.

त्यांनी पाटी मांडवाच्या खांबाशी ठेवली. पदर खोचला.

"तानाजी, धर ह्यांना," त्या म्हणाल्या. "पाठुंगळी घे. ह्यांना घोड्याचं भ्या वाटतंय. लगीन झाल्यापासनं वाटतंय."

आप्पासाहेबांनी कपाळाचा हात खाली आणला आणि तानाजीच्या गळ्यात टाकला. ते खाली आले, मागोमाग खोगीरही आलं. शंभूराज लगेच चंद्रीकडं धावला.

लास्लो ऋषिराजची बाही ओढून विचारत होते, बाई काय म्हणाल्या. ऋषिराजनं एकदा वडिलांकडं बघितलं, एकदा इलोनाकडं, आणि पडेल आवाजात सांगून टाकलं.

लास्लोंनी ऐकलं. टोपी काढून हातात घेतली. जमिनीवर पडलेल्या खोगिराकडं बघत ते अगदी हळू काहीतरी बोलले. इलोना बापाकडं बघतच राहिली.

"काय म्हणत्यात गं?" येसूबाईंनी विचारलं.

इलोनाला ऋषिराजनं शिकवलेलं मराठी मोजकंच होतं. तिनं ते गोळा केलं.

"पप्पालापण भीती. घोडे सगळे आई बघते. पप्पा पाव्हण्यांचा रस्सा करतात."

येसूबाईंनी मान हलवली. त्यांनी आधी धुळीत उभ्या असलेल्या आपल्या माणसाकडं बघितलं, मग त्या दुसऱ्याकडं.

"मग पसंत हाय म्हणून सांग त्यास्नी."