मांजर्लीच्या भाताचे माहेर परत घेतल्याची हकीगत

विघ्ने टळोत, वीज टिको. शके एकोणीसशे तीस, मौजे मांजर्ली, प्रांत बदलापूर येथे भाताच्या वंशजाळ्याची जी मोहीम जाहली, ती आम्ही पदरचे फारसे न घालता लिहून ठेवितो.

राजश्री किर्तीबाई, एमेस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या मानकरी, यांनी मुलखातील भाताचे वाण कोणापासून कोण निपजले हे शोधण्याचा विडा उचलिला आणि मातुश्री कौसाबाई यांजकडे बियाणे मागितले. मातुश्रींचे माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलेले, आणि लग्नात ओटीतून आणिलेले भात सासरच्या भातात मिसळून जो वाण जाहला तेवढीच निशाणी उरलेली. सबब त्यांनी शर्त घातली की कागदावर माहेर दिसावे, आणि किर्तीबाईंनी शब्द दिधला.

मग संगणकातील पहिल्या प्रोग्रामाने जाळे विणिले आणि त्यात मातुश्रींच्या वाणास माहेर व सासर ऐसी दोन्ही मुळे यथास्थित दाखविली. परंतु सदरहू प्रोग्राम चित्रकलेत ठार अडाणी, म्हणून किर्तीबाईंनी फाइल उल्हासनगरी आपले मामेभाऊ सरदार सुयोगराव यांच्या छपाईच्या दुकानी, दुसऱ्या प्रोग्रामात दाखल केली. तो जुन्या वळणाचा, त्याच्या दरबारी लेकरास मूळ एकच. त्याने फाइल मुकाट आत घेतली, माहेरची रेघ छाटली आणि चकार शब्द काढिला नाही. ऐसा निमकहराम आम्ही पाहिला नाही. सुयोगरावांनी वर लॅमिनेशनही केले.

कागद मांजर्लीस रुजू होताच मातुश्रींनी किर्तीबाईंकडून नावे वाचून घेतली आणि फर्मावले, "माजा म्हायार कुठं गेला?"

सरदारांनी अर्ज केला, "आजी, सॉफ्टवेअरमध्ये एकच पॅरेंट चालतो, क्या करें?"

त्यांचा चहा तत्काळ जप्त जाहला. किर्तीबाईंचे तोंड एवढेसे जाहले. मग मातुश्रींनी दुसरे फर्मान काढिले, "म्हायारच्या रेशन कार्डावर माजा नाव कदी कापलाच नाय, सासरी बी लिव्हला. दोन्हीकडं आंगठा माजाच. तसा लिवा."

शिधावाटप खात्याच्या कानी हे जाऊ नये. परंतु किर्तीबाईंनी तो वाण फाइलीत दोन वेळा लिहिला, एकदा सासराखाली, एकदा माहेराखाली, आणि दोहींवर खूण एकच घातली. जुन्या प्रोग्रामाने दोन्ही नावे निमूट रेखाटिली, आणि तीच फाइल पहिल्यात परत घालिता त्याने खूण ओळखून जाळे पूर्ववत सांधिले. फत्ते जाहली.

या खेपेस सुयोगरावांनी कागद धास्तीने लॅमिनेशनविना नुसताच आणिला. मातुश्रींनी माहेराच्या नावावर बोट ठेविले आणि बराच वेळ उचलिले नाही. मग आज्ञा जाहली, "याला पलास्टिक लाव. आता पानी शिरला नाय पायजे."

तैसे केले. कागद मांजर्लीत, उंच फळीवर, कोरडा आहे.