दुसऱ्या बाजूची गोणी

आमचा सोमलाकाका जेवायला बसला की आधी भाकरी मधोमध मोडायचा. एक तुकडा डाव्या हातात, एक उजव्या हातात. मग डोळे मिटून दोन्ही हात वरखाली करायचा. एक तुकडा जड वाटला तर त्याचा कोपरा मोडून हलक्या तुकड्यावर ठेवायचा. पुन्हा तोलायचा. मी समोर असलो तर त्यातला एक तुकडा माझा. नसलो तर दोन्ही त्याचेच, तरी तोलणं चुकायचं नाही. पोटात दोन्ही बाजूंनी सारखं गेलं पाहिजे, नाहीतर माणूस चालताना कलतो, असं त्याचं म्हणणं होतं. पाहुणे हसायचे. काका पाहुण्यांनाही तोलायचा, पण ते मनातल्या मनात.

याला कारण होतं. आम्ही लमाण. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, चारेक कोसांवर आमचा तांडा. आजोबांच्या काळापर्यंत आमची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायची. त्याला आम्ही लदेणी म्हणतो. एका बैलावर दोन गोण्या, एक या अंगाला, एक त्या अंगाला. एक जड झाली की बैलाची पाठ सोलून निघते आणि मग सगळी रांग थांबते. काका पोरवयात शेवटच्या लदेणीबरोबर चालला होता. पुढे आगगाड्या आल्या, बैलांवरचं ओझं उतरलं, तांडा शेतीला लागला. काकाच्या डोक्यातल्या गोण्या मात्र कोणी उतरवल्या नाहीत.

त्यामुळे काहीही सांगितलं की त्याचा एकच प्रश्न असायचा, "अन् दुसऱ्या बाजूले काय?"

नायक म्हणजे तांड्याचा मुख्य. त्याच्या पोरीचं लग्न ठरलं, जावई घरचा बरा आहे, म्हणून नायक स्वतः गूळ वाटत आला. काकानं गूळ तोंडात टाकला आणि विचारलं, "अन् दुसऱ्या बाजूले काय?" लग्नात कळलं की जावयाला एका कानानं ऐकू येत नाही. नायक पुढे वर्षभर काकाशी बोलला नाही, जणू कान काकानंच बुजवला होता. देश स्वतंत्र झाला तेव्हा शाळेच्या मास्तरांनी तांड्यावर येऊन भाषण केलं. काकानं मागून तोच प्रश्न विचारला. मास्तरांनी उत्तर पुढच्या खेपेला देतो म्हणून सांगितलं. ते अजून यायचे आहेत.

तर अशा माणसाच्या हातात माझ्या शिक्षणाचा निर्णय होता.

मी आमच्या तांड्यातला पहिला बी.ए. हे मी लपवत नाही, आणि कोणी विसरलं तर आठवण करून देतो. पण मॅट्रिक झालो तेव्हा पुढे कुठं जायचं याचा कोणालाच पत्ता नव्हता. बाप माझा साधा माणूस. काका थोरला भाऊ, म्हणून त्याचा शब्द शेवटचा. काकू मी पाळण्यात असतानाच गेली होती, त्याला मूलबाळ नव्हतं, आणि माझं एक जेवण याडीकडे, म्हणजे आईकडे, तर दुसरं काकाकडे, असं लहानपणापासून चाललेलं. तेव्हा काका ठरवेल ते खरं, हे सगळ्यांना मान्य होतं. फक्त काकाला ठरवता येत नव्हतं.

नुकतंच महाराष्ट्र राज्य झालं होतं. अमरावतीला सरकारी कॉलेज होतं, जुनं, नावाजलेलं, फी कमी, राहायला वसतिगृह. आणि यवतमाळला एका संस्थेनं खाजगी कॉलेज काढलं होतं. ते कापसाच्या एका जुन्या गोदामात भरायचं. फी जवळजवळ दुप्पट, वर इमारतीसाठी देणगी. कोणत्याही शहाण्या माणसानं एका मिनिटात अमरावती म्हटलं असतं. तालुक्याच्या वकीलसाहेबांनी तसं म्हटलंही. त्यांच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेलेल्या, त्यामुळे त्यांना शिक्षणाचं सगळं कळायचं. सरकारी डिग्रीला वजन असतं, म्हणाले.

वजन हा शब्द काकासमोर काढायला नको होता.

"किती वजन?" काकानं विचारलं.

वकीलसाहेबांनी दाखला दिला, प्रतिष्ठा सांगितली, नोकरीत पसंती सांगितली. काका दोन्ही हात पुढं करून ऐकत होता, जणू ते सगळं तळहातावर ठेवलं जाणार होतं. शेवटी म्हणाला, "हे एका बाजूचं झालं, साहेब." वकीलसाहेबांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

मग काकानं स्वतः शोध सुरू केला. बाजारात, तहसिलीत, मोटारस्टँडवर, जिथं कोट घातलेला माणूस दिसेल तिथं त्याला थांबवायचा आणि विचारायचा, "भाऊ, तुमी बी.ए. हा काय? कुठचे?" एक अमरावतीचा बी.ए. भेटला, त्याच्या हातात घड्याळ होतं. काका खूश झाला. दुसरा अमरावतीचाच बी.ए. भेटला, त्याच्या चपलेला दोरी बांधलेली. काका दोन दिवस जेवला नाही नीट. एकाच बाजाराचे दोन बैल, एक पळते अन् एक बसते, मग बाजाराचा काय भरोसा, असं तो मलाच विचारायचा. मला काय माहीत? मी मॅट्रिक.

यवतमाळच्या खाजगी कॉलेजचा तर एकही बी.ए. सापडेना. कारण अजून एकही झालाच नव्हता. "आदत आहे," काका म्हणाला. बैलाचे दुधाचे दात पडले नसतील तर त्याला आदत म्हणतात. त्याचं वय सांगता येतं, पण तो ओढील किती हे देवही सांगू शकत नाही. आणि असं आदत वासरू दुप्पट भावानं कायले घ्यायचं?

तरी पाहून तर येऊ, म्हणून आम्ही यवतमाळला गेलो.

प्राचार्य मोठे भले गृहस्थ होते. कोट, टोपी, नाकावर घसरणारा चष्मा. मी नमस्कार केला. काकानं आधी गोदामाला एक फेरी मारली. भिंतींवर थाप मारून पाहिली, फळा हलवून पाहिला, एका बाकाखाली वाकून पाहिलं. मग प्राचार्यांच्या टेबलाशी आला, खांद्यावरचं उपरणं काढलं, ते प्राचार्यांच्या हातावर टाकलं आणि उपरण्याखाली त्यांची बोटं धरली.

बैलबाजारात भाव असाच ठरतो. मोठ्यानं कोणी बोलत नाही. कापडाखाली हात घालायचे, बोटं दाबून रक्कम सांगायची, समोरच्यानं दाबून उत्तर द्यायचं. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. काकाच्या मते कॉलेजची फीसुद्धा चारचौघांत बोलायची गोष्ट नव्हती.

प्राचार्यांना वाटलं हात बघतोय. "माझा ज्योतिषावर विश्वास नाही," ते म्हणाले. काकानं तीन बोटं दाबली. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग त्यांना वाटलं असावं की हा म्हातारा भावनेच्या भरात आहे. त्यांनी दुसरा हातही वर ठेवला आणि काकाचा अख्खा पंजा प्रेमानं दाबला.

काका बाहेर आला. फाटकापाशी म्हणाला, "मानूस पक्का आहे. पुरी पाची बोटं दाबली. एक पैसा सोडनार नाही."

तेव्हा ठरलं, अमरावती. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. बापानं पत्र्याची पेटी आणली. याडीनं दशम्या केल्या. जायच्या आदल्या दिवशी नायकानं चार वडीलधारी माणसं बोलावून बैठक घेतली, कारण तांड्यातून पहिला पोरगा शिकायला चालला होता. नायक चांगलं बोलला. म्हणाला, पोरगं अमरावतीले जाईन, मोठं होईन, वर्षातून एकदा होळीले येईन अन् आपल्याले वळखनार नाही. सगळे हसले.

काका हसला नाही. त्यानं दोन्ही हात पुढं धरले, डोळे मिटले आणि बराच वेळ तोलत बसला.

"यवतमाळ," तो म्हणाला.

बैठकीत गलका झाला. बापानं पहिल्यांदाच भावाला उलट विचारलं, काहून? फी दुप्पट, कॉलेज आदत, वकीलसाहेब म्हणतात तिकडं वजन आहे, मग काहून? काकानं काय काय कारणं सांगितली. अमरावतीचं पाणी जड. तिथली हवा पोराच्या छातीले मानवनार नाही. सरकारी मास्तरची बदली होते, शिकवता शिकवता उठून जाते, मग अर्धं शिक्षण कोनाकडं मागायचं? एकाही कारणात दम नव्हता. ते त्यालाही कळत होतं. शेवटी नायकानंच त्याचा प्रश्न त्याला विचारला, "सोमला, अमरावती एका बाजूले. अन् दुसऱ्या बाजूले काय?"

काका म्हणाला, "जड आहे," आणि उठून गेला.

काकानं आपल्या वावरातला कापूस विकून देणगी भरली आणि मी गोदामात शिकायला लागलो. यवतमाळात एक खोली घेतली. मन मात्र चार वर्षं गोंधळलेलंच राहिलं. अमरावतीचे मित्र सुट्टीत भेटले की त्यांचे प्राध्यापक, त्यांचं ग्रंथालय, त्यांची क्रिकेटची टीम. आमच्याकडे कापसाची धूळ आणि घसरणारा चष्मा. पण एक सांगतो, शिकवायचे ते जीव लावून.

आणि दर बैलबाजाराच्या दिवशी कॉलेजच्या कुंपणापाशी सोमलाकाका उभा असायचा. सोबत धवळ्या, त्याचा पांढरा बैल, गळ्यात नवी दोरी, शिंगांना रंग.

"धवळ्या इकाले आनला होता," काका सांगायचा. "आज जमलं नाही."

पोरं खिडकीतून बघायची. वर्ग सुटला की मी जायचो. आम्ही कडुनिंबाखाली बसायचो, काका फडक्यातली भाकरी काढायचा, मोडायचा, तोलायचा, अर्धी मला द्यायचा. आज काय शिकवलं ते विचारायचा. एकदा मी तर्कशास्त्रातलं सांगितलं, की सगळी माणसं मर्त्य आहेत. "अन् दुसऱ्या बाजूले काय?" काका म्हणाला. मी ते सरांना विचारलं. सर म्हणाले, तुझ्या काकांना वर्गात आण.

पुढच्या बाजाराला पुन्हा तेच. धवळ्या विकायला आणलेला, गिऱ्हाइकाला अक्कल नाही, भाव समजत नाही. पुढच्या वर्षीही तेच. मला वाटायचं, बैलात काही खोड असणार. सांगत नसेल बिचारा.

बी.ए.चा निकाल लागला तो नेमका बाजाराच्या दिवशी. पास झालो. वणीच्या एका शाळेत मास्तरची जागा होती, पास झालास तर ये, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. काका कुंपणाशी यायची वाट न बघता मीच धावत बैलबाजारात गेलो. काका दिसेना. धवळ्याला पाण्यावर घेऊन गेला होता. बाजारात एक म्हातारे दलाल होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मी त्यांनाच विचारलं, की चाचा, आमच्या धवळ्यात खोड काय आहे, चार वर्षं विकला का जात नाही?

चाचांनी मला खालून वर न्याहाळलं. "तू कालेजवाला लडका है क्या?" म्हणाले. मग खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकला आणि त्याखाली काका मागायचा तो भाव दाबून दाखवला. पाचही बोटं. पुन्हा पाचही बोटं. पुन्हा.

"इतने में तो मैं हाथी ला दूँ," चाचा म्हणाले. "अन् एक दफा कारंज्याचा सेठ आला, शौकीन आदमी. त्यानं हा भाव कबूल केला. तुझ्या काकानं असा हात खेचला, जैसे साप को छू लिया. त्या दिवसापासून सेठ दिसला की हा बैल घेऊन छुप जाते."

त्यांनी रुमाल उचलला. माझा हात तसाच पुढं राहिला.

इतक्यात काका आला. धवळ्या आता म्हातारा झाला होता, शिंगांचा रंग मात्र ताजा होता. मी पास झाल्याचं सांगितलं. काकानं आधी बैलाच्या पाठीवर थाप मारली, मग माझ्या. वणीच्या शाळेचं सांगितलं. त्यानं विचारलं, की कॉलेज कुठलं हे त्यांनी विचारलं का, सरकारी की खाजगी.

"कोणी विचारलंच नाही," मी म्हणालो.

काका गोंधळला. "मग आपन एवढं तोललं कायले?"

आम्ही तिथंच बैलाच्या सावलीत बसलो. त्यानं फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि न तोलताच मोठा तुकडा माझ्या हातात दिला. वणी किती लांब आहे ते विचारलं. मी सांगितलं. चार कोसांचा माणूस तो, त्याला ते अंतर धड कळलं नसावं. घास हातात धरून तो धवळ्याच्या पायांकडे पाहत होता.

"रतन्या," तो म्हणाला, "वणीले बैलबाजार भरते का रे?"

मला माहीत नव्हतं.

"भरते, काका," मी म्हणालो. "मोठा भरते."