हमीदभाईंचा तेरावा पाना

हमीदभाई आमच्याकडे चहाला आले की उठण्याआधी चमचे मोजतात. चमचे आमचे, घर आमचं आणि मोजणारा पाहुणा. पहिल्यांदा माझ्या सासूबाईंना वाटलं, हा माणूस आपल्याच घरात आपल्यावर चोरीचा आळ घेतोय. मग हमीदभाईंनी समजावलं. सव्वीस वर्षं ते आखातात विमानं दुरुस्त करत होते. काम संपलं की आधी हत्यारं मोजायची, मग घाम पुसायचा.

"बाई, मागे राहिलेला एक पाना अख्खं विमान खाली आणतो."

"आणि चमचा काय आणतो?" मी विचारलं.

"चमचा सवय बिघडवतो," हमीदभाई म्हणाले आणि त्यांनी बशीही मोजून घेतली.

नवी मुंबईला विमानतळ झाल्यापासून आमच्या बाजूला गावोगावी एव्हिएशन अकॅडम्या उगवल्या. प्रत्येकीच्या बोर्डावर तीच गोरी हवाईसुंदरी हसत असते. मुरुडच्या बाजारात, बर्फाच्या गोदामावरच्या हॉलमध्ये हमीदभाईंनीही क्लास काढला. त्यांच्या बोर्डावर कुणीही हसत नव्हतं. त्यावर लिहिलं होतं : 'विमान दुरुस्ती व जमिनीवरील कामे. उशिरा येणाऱ्यांनी येऊ नये.' असं लिहूनही अकरा जण आले, हे मुरुडचं मोठेपण. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवते, म्हणून तिथे बोलायचं इंग्रजी माझ्याकडे आलं.

मुरुडात विमान नाही. म्हणून हमीदभाईंनी होडीचं एक निकामी डिझेल इंजिन आणून हॉलच्या मधोमध ठेवलं आणि "याला विमान समजा" असं सांगितलं. समजणं कठीण होतं, कारण इंजिनाला बोंबलाचा वास येत होता. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याच्या आकाराची रेघ काढलेली होती. तेरा पाने, तेरा जागा. फळीखाली लाल रजिस्टर. ज्याच्याकडून हत्यार इकडंतिकडं होईल त्याचं नाव त्यात जायचं, आणि त्याने त्या दिवसापुरतं दाराबाहेर उभं राहायचं. आणखी एक नियम होता. हत्यार सापडल्याशिवाय दार उघडायचं नाही.

रोज पंधरा मिनिटं हमीदभाई नेतृत्वावर बोलत. त्यांचं म्हणणं एकच असे. "मोठा माणूस चुकतोय असं दिसलं तर लहानानं तोंड उघडलं पाहिजे. आणि मोठ्यानं ऐकलं पाहिजे. विमानात बाकीचं लीडरशिप सगळं बकवास."

विचार उत्तम होता. फक्त त्यांची चूक कुणी दाखवली की त्याची धडगत नसे. संदेश नावाच्या पोरानं एकदा फळ्यावरच्या 'इंजिन'चं स्पेलिंग चुकलंय म्हणून सांगितलं. त्याला वीस मिनिटं ऐकावं लागलं. संदेशची बाजू घ्यायला मी गेले, तर मलाही ऐकवलं, "बाई, इंजिन स्पेलिंगवर चालत नाही." त्या दिवसापासून वर्गात सगळे माना डोलवू लागले. लहानानं तोंड उघडलं पाहिजे, यावर तर सगळ्यात जोरात डोलवत.

मग विमानतळावरच्या एका कंपनीचा माणूस उमेदवार निवडायला आला. मनुष्यबळ विकास अधिकारी. वय असेल तिशीचं. त्यानं आधी प्रोजेक्टरनं भिंतीवर चित्रं पाडून लीडर आणि मॅनेजर यांतला फरक सांगितला. चित्रात डोंगर होता, त्यावर झेंडा लावणारा माणूस होता. हमीदभाई मान वाकडी करून म्हणाले, "हा माणूस वर चढलाय, पण दोर कुणी तपासला?" अधिकारी हसला. हमीदभाई हसले नाहीत.

नंतर प्रात्यक्षिक झालं. मुलांनी इंजिन खोललं, साफ केलं. आणि पाने मोजले तर बारा. दहा नंबरचा पाना नव्हता.

हमीदभाईंनी दाराला आतून कडी घातली.

इंजिनाखाली बघितलं, तेलाच्या ट्रेमध्ये हात घातले. एकेकाचे खिसे झाले, माझी पर्स झाली. अधिकाऱ्याची बॅगही टेबलावर रिकामी झाली. त्यातून लीडरशिपची तीन पुस्तकं आणि एक फेसवॉश निघाला. त्यानं लॉजवर सुरमईचं ताट सांगून ठेवलं होतं, ते निवत होतं.

"सर, एक पानाच तर आहे," तो म्हणाला.

"मग बसा," हमीदभाई म्हणाले.

पाऊण तास गेला. प्रणाली नावाची मुलगी मागे उभी होती. कोळीवाड्यातली, बापाबरोबर होडीची इंजिनं खोलत वाढलेली, आणि वर्गात सगळ्यात कमी बोलणारी. ती सारखी हमीदभाईंकडे बघत होती. संदेशनं तिची ओढणी ओढली, गप ऱ्हा म्हणून. ती गप राहिली नाही.

"सर, सगल्यांचे खिसे झाले. तुमचा बघायचा ऱ्हायला."

हमीदभाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आता वीस मिनिटं नाही, दोन तास ऐकावं लागणार, असं मी धरून चालले. त्यांनी पँटच्या मागच्या खिशात हात घातला. दहा नंबरचा पाना बाहेर आला.

अधिकाऱ्याला हसू आवरेना. हमीदभाईंनी पाना जागेवर लावला. रजिस्टर उघडलं, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांसकट. मग प्रणालीला म्हणाले, "इंजिन तू परत जोड. आज मी हात लावणार नाही." आणि बाहेर जाऊन जिन्याच्या कठड्याशी उभे राहिले. वर्ग सुटायला अडीच तास होते. खालून बर्फाच्या गाड्या भरत होत्या, ओळखीचे लोक वर बघून विचारत होते, "काय हमीदभाई, बाहेर कसे?" ते सांगत होते, "शिक्षा हाय." अधिकारी खुर्ची घेऊन गेला, "सर, इतकं कशाला." ती त्यांनी परत पाठवली.

सहा जणांना सामान चढवायच्या कामावर घेतलं. देखभालीच्या प्रशिक्षणाला एकटी प्रणाली. यादीत तिच्या नावापुढे त्या अधिकाऱ्यानं 'नेतृत्वगुण' असं लिहिलं होतं. सुरमई गार झाली तरी माणूस काही शिकला म्हणायचा.

प्रणाली प्रशिक्षणाला गेली त्या रविवारी दुपारी हमीदभाई आमच्या ओटीवर आले. चहा नको म्हणाले. थोरला मुलगा कॅनडात, धाकटा दोह्यात. बीवी जाऊन चार वर्षं झालेली. घरी बोलायला कुणी नसतं, म्हणून आले असतील असं मला वाटलं.

"बाई, एक पत्र लिहायचंय. इंग्रजीत. स्पेलिंग बरोबर पाहिजे."

"कुणाला?"

"जॉर्ज म्हणून होता. केरळचा. एका खोलीत अकरा वर्षं राहिलो." त्यांनी हातानं हवेत उंची दाखवली. "विमानाला लावायची चाकाची शिडी असते. तिची चाकं अडवायची खीळ बसली नव्हती. मी खालून पाहिलं होतं. सुपरवायझर म्हणाला, चढा, वेळ नाही. मोठा माणूस होता. मी बोललो नाही. जॉर्ज चढला."

"मग?"

"शिडी सरकली. उजवा हात तिच्यात सापडला. तीन बोटं गेली, नोकरी गेली. तो गावी गेला. त्याला वाटतं, नशीब."

"त्याला कधी सांगितलं नाहीत?"

"नाही. त्या पोरीचं वय बावीस, तरी बोलली. मी तेव्हा चाळीसचा होतो." पत्ता त्यांना तोंडपाठ होता, पिनकोडसकट.

मी कागद घेतला. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. मी पाहिलं होतं. मी गप्प राहिलो. चूक माझीही आहे. चार ओळींत पत्र संपलं. मी वाचून दाखवलं. हमीदभाई उठले, चपला घातल्या, पायरीवर थांबले.

"खाली अजून एक ओळ घाला," ते म्हणाले. "विचारा, पावसाळ्यात हात दुखतो का."