चावीच्या फोनोवरचा पाळणा

लेकीच्या बारशाला पाळणा कोणी म्हणायचा, हा प्रश्न दौलतरावांनी परस्परच सोडवून टाकला. मान खरा त्यांच्या थोरल्या बहिणीचा, गोजराबाईचा. पण तिचा आवाज म्हणजे कोरड्या विहिरीवरचा रहाट. आणि शिरपूरहून सासूबाई प्रयागबाई खास येणार होत्या. त्यांच्यापुढे शोभा नको, म्हणून दौलतरावांनी अकोल्याहून पाळण्यांची नवी तबकडी आणली. (दुकानदार "घरी यंत्र कोणतं आहे?" असं विचारत होता. पण वाशीमच्या कचेरीतला हेडक्लार्क असल्या प्रश्नांना उत्तर देत नसतो.)

"अन् मी काय करू?" गोजराबाईने विचारलं.

"तू आराम कर, अक्का. कानात नाव तेवढं सांग."

गोजराबाई तोंडाला पदर लावून कोपऱ्यात बसली.

घरातला फोनो वडिलांच्या वेळचा, चावीचा. तो भरभर फिरायचा. नवी तबकडी विजेच्या यंत्रासाठी, सावकाश फिरणारी. हे दौलतरावांना कळलं, ते पाळण्याभोवती वीस बाया जमल्यावर. सुई टेकली मात्र, गोड गळ्याच्या बाईऐवजी शेपटी चिमटलेली उंदरीण गाऊ लागली. आता पाळण्याची दोरी गाण्याच्या तालावरच ओढायची असते. बायांनी ताल सोडला नाही. पाळणा आढ्याकडे झेपावला.

"अहो, थांबवा! पोरगी बाहीर पडन ना!" भागिरथा, दौलतरावांची बायको, किंचाळली.

दौलतरावांनी तबकडीवर बोट टेकवलं. काय नवल! वेग उतरला, उंदरणीची बाई झाली, पाळणा शहाण्यासारखा झुलू लागला.

"सारं बोटात असते," ते ऐटीत म्हणाले. (बोट भाजत होतं, ते बोलले नाहीत.)

"जवाईबापू, पाणी तरी घ्या," म्हणत प्रयागबाईंनी पेला पुढे केला.

सासूच्या हातचं पाणी नाकारायचं कसं? दौलतरावांनी बोट उचललं. उंदरीण परतली, पाळणा उडाला. घाबरून त्यांनी बोट जोरात दाबलं, तर बाईचा बुवा झाला आणि पाळणा अधांतरी रेंगाळला. तेवढ्यात सुई घसरली, खर्रर्र झालं आणि फोनो गप्प.

अर्ध्या पाळण्यावर नाव ठेवायचं कसं? वीस बाया दौलतरावांकडे पाहत राहिल्या. तेव्हा त्यांनी करू नये ते केलं. डोळे मिटून स्वतःच गायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला पोरीने भोकाड पसरलं.

"काहून लेकराले भेवाडून राह्यला रे दौलत?" गोजराबाई कोपऱ्यातून म्हणाली.

"चुकलं माहं. म्हण ना वं, अक्का!"

गोजराबाई उठली. तिने घोगऱ्या आवाजात पाळणा धरला, तशी पोरगी गप्प झाली. बाया डोलू लागल्या. पोरीचं नाव गंगू ठेवलं. प्रयागबाईंनी तर डोळे पुसले. "असा गळा आता कुठं आयकाले भेटते!"

दौलतराव हळूच ओसरीवर आले. तिथे शेजारचे माणिकराव पंगतीची वाट पाहत बसले होते.

"दौलतराव, आतलं सारं आयकलं मी. आमची ज्वारी हुरड्यात आली. पाखरं लय तरास देऊन राह्यली. दोन दिवस वावरात..."

"न्या ना फोनो," दौलतराव पडेल आवाजात म्हणाले.

"फोनो कायले?" माणिकराव म्हणाले. "तुमीच या."