सरकीला काकवी

पिंपळीच्या विजयसिंहानं ठरवलं, गावातल्या मांजरांची पिल्लावळ थांबवायची आणि सुरुवात स्वतःच्या घरापासून करायची. (आधी माणसांना चार सुधारणा सांगून पाहिल्या होत्या. माणसं ऐकत नव्हती.) घरात सरकी आणि मिरी अशा दोन मांजरी. त्याच्या आईनं, बानूबाईंनी, अट घातली, "आधी सरकीचं आपरेशन कर. आल्यावर दोघी नांदल्या, तरच मिरीला हात लावायचा. न्हायतर तुझी सुधारणा तितंच बास."

सरकी बारामतीच्या दवाखान्यातून टाके घालून परतली. अंगाला स्पिरिट आणि फिनेलचा वास. कालपर्यंत तिच्या पाठीवर डोकं टेकून झोपणाऱ्या मिरीनं एकदाच हुंगलं, पाठीची कमान केली आणि फिस्सकन अंगावर गेली.

"घ्या! सख्खी भैन वळखंना," बानूबाई म्हणाल्या.

"अहो, थांबा की जरा," त्याची बायको योगिनी म्हणाली. "वास गेला की येतील आपोआप जवळ."

थांबायचं? शेतकीची पदवी काय थांबण्यासाठी घेतली होती? विजयसिंहाला आठवलं, म्हैस रेडकाला जवळ करत नसली की त्याच्या अंगाला गूळ-मीठ चोळतात. म्हैस चाटते आणि चाटता चाटता माया लागते. त्यानं फडताळातला काकवीचा डबा काढला.

"आरं, मिरी म्हैस हाय व्हय?"

"तत्त्व एकच असतं, आई."

टाके तेवढे सोडून त्यानं सरकीला शेपटीपर्यंत काकवी चोपडली. (तेवढ्यात त्याच्या हातावर पाच ओरखडे उमटले. सुधारकाला एवढं चालायचंच.) मग सरकी निसटली ती थेट गोठ्यात, कडब्याच्या कुट्टीच्या ढिगात. बाहेर आली तेव्हा ती मांजर राहिली नव्हती. चार पायांवर चालणारा खराटा झाला होता. तो खराटा "म्याऊ" म्हणाला मात्र, मिरी भिंतीवरून शेजारच्या मुनिराभाभींच्या घरात! विजयसिंह पाण्याची बादली घेऊन मागं लागला, तशी सरकीही दारातून तिकडंच पळाली.

योगिनीनं हसू दाबायला पदर तोंडात धरला. बानूबाईंनी तेही केलं नाही.

संध्याकाळ झाली तरी दोघींचा पत्ता नाही. अट काही पुरी झाली नाही, असं मनाशी म्हणत विजयसिंह तिकडं निघाला. मागून सासू-सुना. मुनिराभाभी दारातच होत्या.

"विजूभाऊ, हळू बोला. दोघी एका पोत्यावर पडल्यात."

"दोघी? एकत्र?"

"मी ओल्या फडक्यानं पुसली सरकीला. राह्यलं-साह्यलं मिरीनं चाटून काढलं."

"चाटलं!" विजयसिंह जवळजवळ उडालाच. "आई, ऐकलंस? चाटलं! म्हणजे तत्त्व बरोबरच—"

आत धडपड झाली. त्याचा आवाज ऐकताच दोन्ही मांजरी एकमेकींना बिलगून कपाटाखाली शिरल्या. तो वाकला. आतून दोघींनी एकाच सुरात फिस्स केलं.

बानूबाईंनी कपाटाखाली डोकावून पाहिलं आणि कंबर सरळ केली.

"नांदत्यात. मी शबुद फिरवायची न्हाय. मिरीचंबी आपरेशन हुंद्या."

विजयसिंहाची छाती फुगली. "उद्याच नेतो!"

"तू न्हाय, योगिनी नेईल. आन् पोरी, डाक्टरनं मालकाचं नाव इचारलं तर मुनिराचं सांग. ह्येचं नाव ऐकलं तर मिरी टेबलावरनं उडी टाकंल."